आदिवासी म्हणून नव्हे, गुरुजी

गुरुजी, नमस्कार.

मलेरियाच्या गोळ्यांवरच्या लेखावरून तुम्ही चांगलंच खडसावलंत. ‘नंदुरबारच्या आदिवासी भागातली, धडगाव-अक्कलकुव्याकडची माणसं कुपोषणाने खंगलेली असतात, म्हणून त्यांना औषध बाधतं, तुम्ही मात्र त्यांच्या रक्तातच खोट काढून मोकळे झालात.’ निम्मं मान्य. ‘आदिवासींना प्रायमाक्विन (ही मलेरियाची गोळी) सोसत नाही’ हे वाक्य मी लिहायलाच नको होतं, ते काढलं आहे. जनुकाचा मुद्दा मात्र सोडत नाही.

माझा मावसभाऊ शहाद्याचा. खाऊनपिऊन धडधाकट, केळीचे घड खांद्यावर वाहणारा. मलेरिया झाला, चौदा दिवसांच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी लघवी बघून मावशी म्हणाली, "काया चहानी मायक शे." (काळ्या चहासारखी आहे.) डोळे पिवळे, म्हणजे कावीळच! कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं, त्यात दोन दिवस गेले आणि गोळ्याही चालूच राहिल्या. हिमोग्लोबिन चौदावरून सातवर आलं, तेव्हा कुठे दवाखाना. तिथे बऱ्याच उशिराने कुणीतरी जी-सिक्स-पीडी तपासायला सांगितलं.

हे तांबड्या पेशीतलं एक विकर (एन्झाइम). काही औषधांमुळे पेशीवर जो मारा होतो, तो ते झेलतं. जनुकातल्या बदलामुळे ते जन्मतःच कमी असलं की पेशी फुटतात, आधी जुन्या. तुमचं कुपोषण इथे येतं: ज्याचं हिमोग्लोबिन मुळातच आठ आहे, त्याच्याकडे सातने घसरायला जागाच नाही. बाधा जनुकामुळे होते, जीव जातो तो अशक्तपणामुळे. आणि ‘खोट’ म्हणाल, तर मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकलं तेच मुळी ते मलेरियाला थोडाफार अटकाव करतं म्हणून.

लेबल लावण्याची तुमची भीती मात्र खरी आहे. अमेरिकेत तुरुंगातल्या कैद्यांवर या गोळीचे प्रयोग झाले, त्रास कृष्णवर्णीयांत दिसला आणि तो त्यांच्या वंशाच्या नावावर टाकला गेला. 1956 मध्ये विकराची कमतरता सापडली. पुढे ती भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत आणि आपल्या पारशांतही आढळली. म्हणून तपासायचं ते माणसाचं रक्त, जात-जमात नव्हे.

गोळी बंद करा असं मी म्हटलेलं नाही. व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाचे जंतू यकृतात दडून बसतात, त्यांना प्रायमाक्विनसारखं औषधच काढतं. कमतरता असेल तर डॉक्टर आठवड्याला एक मात्रा, आठ आठवडे, देखरेखीखाली देऊ शकतात. फक्त आधी कळायला हवं.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. म्हणजे मावसभावाला ते मावशीकडून आलं. त्याच्या मुलाला ते त्याच्याकडून जाणार नाही, पण बहिणीच्या मुलांना असू शकतं. त्या दोघांचं तपासलं, धाकट्यात निघालं. माझी आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, म्हणून मीही रक्त देऊन आलो. माझं नॉर्मल आहे.

आणि हो, गुरुजी, आमचं घर आदिवासी नाही.