तो एक स्क्रू

जुन्या पेट्रोल गाडीत ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा छोटा स्विच म्हणजे सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट. त्याची गॅप, म्हणजे उघडल्यावरची फट, लावायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं, असं सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांनी पॉइंटची प्लेट धरून ठेवणारा तो स्क्रू एकदा स्वतः आवळून बघावा!

फीलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पातं, घातलं, ०.४० मिलिमीटर, पातं हलकंसं घासत सरकतंय, अगदी हवं तसं. आता फक्त स्क्रू आवळायचा. आवळला की प्लेट केसभर सरकते आणि गॅप झाली ०.३०. पुन्हा सैल, पुन्हा आवळ. चौथ्या खेपेला मीच ०.४५ वर लावून ठेवतो, म्हणजे सरकून बरोबर जागी येईल. तेव्हा मात्र ती ढिम्म हलत नाही.

बरं, गॅप बदलली की टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळही बदलते, म्हणजे ते नव्याने लावणं आलंच. एवढं करून पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या कॅमवर घासणारा तो फायबरचा ठोकळा झिजत राहतो, गॅप मिटत जाते, टायमिंग मागे पडतं आणि काही महिन्यांनी गाडी चढावर पुन्हा रडायला लागते. कॅमला ग्रीसचं बोट लावायला विसरलात तर त्याच्याही आधी.

पॉइंटना जळण्यापासून वाचवणाऱ्या नव्या कंडेन्सरबद्दल तर बोलायलाच नको. थंड इंजिनावर गुणी बाळ, तापलं की मिसफायर. जुना काढलेला फेकू नका, तोच परत बसवायची वेळ येते.

‘पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाक ना’ म्हणणाऱ्यांनो, माहीत आहे मला. पण आत्ता तो स्क्रू बेसप्लेटखाली पडलाय. चुंबक कुठे ठेवलं मी?