माझा भाव काय फुटला?

गेल्या श्रावणात मला विकलं. कुणी आणि कुणाला, ते सांगत नाही. दोन्ही बँका मोठ्या आहेत आणि मी पेन्शनर आहे.

सकाळी चहात बटर बुडवत होतो, तेवढ्यात मोबाइल टुणकन वाजला. ‘अभिनंदन! तुमचं क्रेडिट कार्ड आता आमच्या परिवारात दाखल झालं आहे. तुम्हाला काहीही करण्याची गरज नाही.’ मी एकतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. त्या काळात शिक्षण खात्याकडून ‘काहीही करण्याची गरज नाही’ असं एकही परिपत्रक आलं नाही. जे यायचं ते ‘तात्काळ’, ‘कालमर्यादेत’ आणि ‘अन्यथा वेतन रोखण्यात येईल’. त्यामुळे मी अगदी भारावून गेलो. बटर चहात पडलं, तरी काहीही केलं नाही.

हिला मेसेज वाचून दाखवला. हिनं कणीक मळता मळता विचारलं, “म्हणजे तुम्हाला विकत घेतलं कुणीतरी?”

“मला नाही, माझ्या खात्याला.”

“तेच ते. कितीला?”

हा प्रश्न त्यानंतर चार महिने माझ्या डोक्यातून गेला नाही.

मुळात हे कार्ड माझ्या गळ्यात आलं साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर. माझाच एक माजी विद्यार्थी तिथं रंगीत छत्री लावून उभा होता. नववी ब, शेवटचा बाक. “सर, लाइफटाइम फ्री हाय. नुसतं कपाटात ठिवा.” ज्या पोरानं वर्गात कधी प्रश्न विचारला नाही, तो पहिल्यांदाच काहीतरी मागतोय, म्हणून मला गहिवरून आलं. मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून मी फुल्या होत्या तिथं तिथं सह्या केल्या. आपले हक्क दुसऱ्या कुणाकडेही सोपवायची बँकेला मुभा आहे, हे त्यातल्याच एका फुलीच्या वर बारीक टायपात लिहिलेलं होतं. ते मला आता माहीत आहे.

पहिली दोन वर्षं मी बिल पूर्ण भरत होतो, तारखेच्या आधी तीन दिवस. मग इन्व्हर्टर आला, लेकीचं बाळंतपण आलं, त्यातच फ्रीज गेला. बिलावर दोन आकडे असतात, वर एकूण देय आणि खाली किमान देय. खालचा आकडा कसा, घरच्या माणसासारखा वाटतो. ‘जमेल तेवढं द्या हो, काय घाई आहे’ म्हणणारा. बाकी ४८,००० आणि किमान देय २,४००. मी २,४०० भरू लागलो. वर्गात मी ‘रामरावांनी द.सा.द.शे. १२ दराने’ अशी उदाहरणं हजारो वेळा घातली. दरमहा आणि दरसाल यांत गल्लत करणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं. इथं दर ठळक छापला होता तो दरमहाचा. ३.१ टक्के. मला तो पतसंस्थेपेक्षा स्वस्त वाटला.

आमच्या शेजारी तात्या राहतात. युनायटेड वेस्टर्नमधून निवृत्त. साताऱ्यात बँकेचा विषय निघाला आणि तात्या बोलले नाहीत, असं होत नाही. १९३६ साली याच गावात उभी राहिलेली बँक. २००६ च्या सप्टेंबरात तिच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. पुढच्याच वर्षी १९१६ ची सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये गेली. तात्यांना वाटतं, सांगलीनं हे आपल्या बरोबरीला यायचं म्हणून केलं.

“पण सर, तुमचं तसं न्हाई,” तात्या म्हणाले. “आमची अख्खी बँक गेली. टेबलं, खुर्च्या, माणसं, बोर्ड, सगळ्यासकट. तुमची बँक हाय तिथंच हाय. तिनं फक्त तुम्हाला काढलंय.”

“का पण?”

“धंदा नको झाला आसंल. सिटी बँकेनं न्हाई का इथला किरकोळ गिऱ्हाइकांचा कारभार २०२३ च्या मार्चात ॲक्सिसला दिला? तुमची गोष्ट येगळी, पण पद्धत तीच. देणारा सुटतो, घेणाऱ्याला गिऱ्हाइकं आयती मिळतात.”

“आणि गिऱ्हाइकाला?”

“मेसेज मिळतो.”

मग मी माझा भाव काढायला बसलो. माझं बालपण खटाव तालुक्यात गेलं. वडील पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत खिलार बैल घ्यायचे, विकायचे. मी त्यांच्या धोतराला धरून उभा. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल रुमाल टाकतो, दोघांचे हात रुमालाखाली जातात आणि बोटं दाबून व्यवहार होतो. भोवती पन्नास माणसं उभी असतात, पण किती ठरलं ते दोघांनाच ठाऊक. आणि ज्याचा भाव चाललाय तो बैल शेजारी उभा राहून शांतपणे रवंथ करत असतो. श्रावणात मी नेमकं तेच करत होतो, फक्त कडब्याच्या जागी बटर होतं.

बैल घेताना जबडा उघडून दात बघतात. दोन दाती, चार दाती की जुळलेला. माझे दात म्हणजे सिबिल स्कोअर, तो बघितलाच असणार. पण त्यांना नेमका कसला बैल हवा, हे कळल्यावर मी गार पडलो. मला वाटायचं, वेळेवर पूर्ण पैसे भरणारा मी म्हणजे त्यांचा पुसेगावचा पहिल्या नंबरचा खोंड. तर तसं नाही. पूर्ण भरणाऱ्याकडून व्याजाचा एक पैसा सुटत नाही. तो नुसता कडबा खातो. भाव येतो तो २,४०० भरून बाकी ठेवणाऱ्याला. बुडवतही नाही, फेडतही नाही, नुसता गोल फिरतो, घाण्याचा बैल. माझं देणं हे त्यांच्या वहीत येणं आहे, आणि विकलं गेलं ते हे येणं. म्हणजे मी पहिली दोन वर्षं अब्रूनं वागलो तेव्हा मला कुणी हुंगलं नसतं. इन्व्हर्टर घेतला आणि माझा भाव वधारला.

हे मी हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “इतक्या वर्षांत तुमची किंमत वाढल्याचं पहिल्यांदाच ऐकतेय, आणि ती पण उधारीमुळं.”

नव्या मालकानं दसऱ्यापर्यंत गोंजारलं. नवीन कार्ड आलं, गुळगुळीत, काळं. मग कासरा आवळला. दिवाळीनंतरच्या बिलात दर ३.७५ झाला. महिनाभर आधी सूचना दिली होती, असं म्हणाले. मी शोधली, तर खरंच होती, गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आणि विजेच्या बिलाचा मेसेज यांच्यामध्ये.

तेव्हा मी पहिल्यांदा पाटीसमोर उभा राहिल्यासारखा गणित मांडून बसलो. पूर्वी ४८,००० वर महिन्याचं व्याज १,४८८ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून साधारण १,७५६. मी भरत होतो २,४००, म्हणजे मुद्दलात जायचे ६४४. आता व्याज १,८००, जीएसटी ३२४, एकूण २,१२४. मुद्दलात २७६. दर वाढला पाऊण टक्क्यापेक्षाही कमी आणि माझी फेड निम्म्याहून खाली आली. वर्षाला सरळ हिशेबानं ४५ टक्के, चक्रवाढीनं साडेपंचावन्न. आणि रामराव १२ टक्क्यांनी कर्ज घेतात म्हणून मी त्यांची कीव करायचो!

कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबलं. पलीकडून “जी सर, बताइए” आलं. पुढचं सांगण्यासारखं नाही.

न्यू जर्सीच्या भाच्यानं आगीत तेल ओतलं. “मामा, इकडे असं चालत नाही. २००९ चा कायदा आहे. दर वाढवायचा तर ४५ दिवस आधी कळवायचं, आणि तो नव्या खरेदीला. जुन्या बाकीला सहसा जुनाच दर. खातं दुसऱ्या बँकेनं विकत घेतलं तरी जुन्या बाकीचं संरक्षण तसंच राहतं.” म्हणजे तिथं बैल विकला तरी जुनी घुंगरं त्याच्याच गळ्यात राहतात. मी म्हटलं, “बाबा, इथली गोष्ट सांग.” तर तो म्हणाला, “इथली तुम्हाला ठाऊक.”

तात्यांना कुठून तरी आठवलं, की तीस टक्क्यांच्या वर व्याज घेणं चूक, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली ठरवलं होतं. मी उडी मारली. दोन दिवसांनी तेच तोंड पाडून आले. सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला होता. उडी मी परत घेतली.

शेवटी तोच विद्यार्थी आठवला. आता तो बँकेत नव्हता, कोरेगाव रस्त्याला ट्रॅक्टर विकत होता. पण माहिती पक्की. “सर, रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासनं नियम हायेत. चार्ज बदलायचा तर महिनाभर आधी कळवायचं, आन् मागच्या तारखेपासनं लावायचा न्हाई. तुम्हाला पटलं न्हाई तर बाकी भरून कार्ड बंद करायचं, त्याला येगळा चार्ज न्हाई. बंद करा म्हनल्यावर सात कामाच्या दिवसांत करावं लागतं. न्हाई केलं तर पुढं रोजचे पाचशे रुपये तुम्हाला.”

“पण बाकी भरायला पैसे कुठून आणू?”

“सर, ठेव बिव हाय का कुठं?”

“आहे ना. पतसंस्थेत साठ हजार. साडेसात टक्क्यांनी.”

फोनवर बराच वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला.

“सर,” तो म्हणाला, “मी काय बोलत न्हाई. पण नववीत तुम्ही मला ह्याच्यापेक्षा बारक्या चुकीला वर्गाभाहीर काढलं होतं.”

दुसऱ्या दिवशी ठेव मोडली. पतसंस्थेतल्या बाईंनी “लेकीचं काही का, सर?” असं काळजीनं विचारलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही. “घराचा पत्रा बदलतोय,” म्हणालो.

पैसे भरले आणि कार्ड बंद करायचा अर्ज टाकला. मग मात्र माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. सात कामाचे दिवस! रविवार वगळून, दुसरा शनिवार वगळून मी कॅलेंडरवर गोल केले. त्यांनी एक महिना घोळ घातला तर किती, दोन महिने घातला तर किती, असं मांडून ठेवलं. आपल्या देशातल्या दिरंगाईवर माझा एवढा विश्वास कधीच नव्हता. रोज सकाळी मेसेज नाही बघून बरं वाटायचं. सहाव्या दिवशी, संध्याकाळी पाचला, कार्ड बंद झाल्याचा मेसेज आला.

“आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तुमचं काम वेळेत केलं,” ही म्हणाली, “आणि तुमचं तोंड बघा.”

पण प्रकरण मिटलं नव्हतं. शून्यावर संपणारी रक्कम कुणाला द्यायची नाही, ही आईची शिकवण. आहेर असो की उधारी, वर रुपया ठेवायचा. त्या सवयीनं मी थोडं वरचं भरलं होतं. आता बँकेचा नवा मेसेज आला: तुमचे ११ रुपये ४० पैसे आमच्याकडे जमा आहेत, ते वळते करण्यासाठी खात्याचा तपशील, रद्द केलेला चेक आणि अर्ज पाठवा. चेक पाठवायचा तर स्पीड पोस्टला अकरापेक्षा जास्तच लागतील.

पण मी सुखावलो. आता मी सावकार, ती कूळ. मी हिला म्हटलं, “बँकेकडून माझं येणं आहे. विकायला काढलंय. घेतेस?”

हिनं मेसेज वाचला, चष्मा वर केला. “सात रुपये.”

“अकरा-चाळीसचे सात?”

“वसूल व्हायची खात्री काय? दात दाखवा त्या बँकेचे.”

मी बरंच समजावलं. बँक मोठी आहे, बुडणार नाही, शिवाय ३.७५ टक्क्यांनी व्याज मागायचा माझा विचार आहे. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “हात आणा इकडं.” माझा हात पुढं आला तशी हिनं त्यावर पदर टाकला.

बोलणं सातचं चाललं होतं. पदराखाली तिनं चारच बोटं दाबली.