मोटरहोम भटकते ती उंचीमुळे?

मोटरहोमवाल्यांत (राहायची सोय असलेल्या गाड्यांचे मालक) सध्या एक मेसेज फिरतोय : ‘उंच गाडी डोलणारच. कमी चाललेल्या गाडीचे पुढचे पार्ट झिजत नाहीत. हवा वाढवा, अलाइनमेंट करा, स्टिअरिंग डॅम्पर बसवा. किंगपिन-बुशवर पैसे घालू नका.’ (किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्या खिळ्याभोवती वळतं तो, बुश म्हणजे सांध्यातलं अस्तर, डॅम्पर म्हणजे स्टिअरिंगचे झटके मंद करणारा भाग.) हे सगळं मी याच क्रमाने करून बसलोय, म्हणून लिहितो.

‘डोलणारच’ हे अर्धं खरं. समृद्धी महामार्गावर जालन्याच्या पुढे आडवा वारा लागला की उंच गाडी ढकलली जाते, त्याला इलाज नाही. पण वारा नसताना, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं सावरावं लागत असेल तर त्याला भटकणं म्हणतात, आणि ते बहुतेकदा सांध्यांतल्या प्लेमुळे, म्हणजे ढिलेपणामुळे, होतं. आपल्याकडची काळी माती फुगते-आकसते, वरच्या डांबराला लाटा येतात. तिथे हा फरक लगेच कळतो.

कमी चालल्याचं तर बोलूच नका. प्रवासी गाडी रात्री रिकामी उभी राहते. मोटरहोममध्ये पलंग, कपाटं, बॅटऱ्या कायमच्या. १०० लिटरची टाकी भरली की आणखी १०० किलो. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि त्यांचे रबरी बुश हा भार उभ्या गाडीतही वाहतात. रबर वयाने आणि उन्हानेही तडकतं, ग्रीस न मिळालेला किंगपिन दारात उभ्या-उभ्या गंजतो.

हवा अंदाजाने वाढवू नका. मोंढ्याजवळच्या वजनकाट्यावर आधी पुढची चाकं, मग अख्खी गाडी चढवा आणि टायर कंपनीच्या तक्त्यातून त्या भाराची हवा भरा. जास्त भरली की टायर रस्त्याला कमी टेकतो.

अलाइनमेंट मी दोनदा केली. दोन्ही वेळा कागदावर आकडे हिरवे, रस्त्यावर गाडी तशीच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी पुढचा ॲक्सल उचलून घोडीवर ठेवला, चाक वर-खाली धरून हलवलं आणि मला ब्रेक दाबायला सांगितला. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला असता तर दोष बेअरिंगचा. तो राहिला, म्हणजे किंगपिन. मग चाक डावी-उजवीकडून हलवलं, तर टायरॉडचा (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याचा) एक एंड, म्हणजे टोकाचा सांधा, खुळखुळत होता. असा सांधा ढिला असताना मशीनवर बसवलेला टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलेली, तो कोन) पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतो.

सगळं एकदम बदलायला सांगणाराही तुम्हाला लुटतोय. माझे किंगपिन, त्यांचे बुश आणि तो एक एंड बदलला, अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

डॅम्पर? तो झटके मंद करतो आणि ढिलेपणा झाकतो. माझ्या गाडीवर अजून आहे; काढायची मजुरी कोण देणार.