नानांचा कडप्पा

स्वयंपाकघराचं काम काढलं म्हणून सोसायटीकडे ठेवलेल्या आमच्या अनामत रकमेतून काल पाचशे रुपये कापले गेले. कारण, ‘जिन्याखाली राडारोडा ठेवणे’. तो राडारोडा नव्हता, नानांचा कडप्पा होता. पण पावतीवर नाव आमचं.

इमारत सदाशिव पेठेतली, 1978ची. ओटाही तेव्हाचाच, जमिनीपासून 28 इंच. खरं तर ओटा उभ्या माणसाच्या कोपरापेक्षा 4 ते 6 इंच खाली असावा, म्हणजे पाच फूट दोन इंचांच्या बाईला साधारण 33 इंच. 28 इंचांवर कणीक मळून कंबर धरते आणि डॉक्टर म्हणतात, वय झालं.

खर्च आवरायचा म्हणून खाली प्लायचे खोके नकोत असं ठरलं. कडप्प्याचीच नवी उभी पार्टिशनं आणि मध्ये स्टीलच्या ट्रॉल्या. सिंकखाली प्लाय ठेवला की आज ना उद्या फुगतोच. घ्यायचाच तर आयएस 710चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघून घ्यावा, साध्या 303चा नको. वर ग्रॅनाइट, कारण कडप्पा पडला चुनखडीचा दगड, लिंबू-चिंचेने त्याला डाग पडतात.

जुना ओटा काढताना छिन्नीचा आवाज ऐकून तळमजल्यावरचे नाना वर आले. आता भांडण, असं वाटलं.

‘वहिनी, हा टाकणारच ना?’

‘हो.’

‘मग मला द्या. गॅलरीत कुंड्यांना बाक करतो. असा माल आता मिळत नाही.’

द्यायला काय जातंय? जातं. 5 बाय 2 फुटांचा, इंचभर जाडीचा कडप्पा 60 किलोंच्या घरात जातो. शिवाय आडवा धरला तर मधोमध मोडतो, कडेवर उभा धरूनच न्यावा लागतो. दोन्ही बिगारी त्यात गेले. हजेरी आमची.

थोड्या वेळाने नाना परत.

‘वहिनी, ह्याला भोक आहे.’

‘सिंकचं आहे ते, नाना.’

‘ते कळलं हो. पण कुंडी पडेल त्यातून.’

‘मोठी कुंडी ठेवा.’

‘मोठी कुंडी आहे कुठे? ती तुम्ही देणार का? अखंड नाही का एखादा?’

अखंड होता, शेगडीखालचा, पण अजून भिंतीच्या खाचेत. ‘थांबतो मी,’ म्हणून नाना स्टुलावर बसले. चहा घेतला. साखर कमी आहे म्हणाले. मग गवंड्याकडे वळले. ‘हळू, हळू! माझा आहे तो.’

गवंड्याने छिन्नी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मालक नक्की कोण, हा त्याचा प्रश्न रास्त होता.

कडप्पा निघाला, एक कोपरा उडाला. नाना वाकून बघत राहिले. ‘कोपरा गेला. काही कमी होईल का?’

‘नाना, फुकट आहे.’

‘ते झालंच हो. मी म्हणतो, तुमची माणसं कडेला गोल पॉलिश मारून देतील का?’

दोन्ही कडप्पे जिन्याखाली उतरवले. ‘हिला विचारून आत घेतो,’ म्हणाले. हिने नको म्हटलं. ते मला कोणी कळवलं नाही, थेट पावती आली. पावतीवर खजिनदाराची सही आहे. खजिनदार नाना.

असो. नळाचं सांगायचं राहिलं. जुना जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप आतून गंजून अर्ध्या इंचात पेन्सिलीएवढी वाट उरते, म्हणून धार बारीक. प्लंबर ‘एवढाच एल्बो बदलतो’ म्हणतो, पान्हा फिरवतो आणि आटे भिंतीच्या आत तुटतात. मग उभ्या लाइनीपर्यंत भिंत फोडा. त्यापेक्षा आधीच सगळी लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची धरा. जुन्या टाइलवर नवी चिकटवायची असेल, तर हातोडीच्या दांड्याने वाजवून बघा. पोकळ वाजेल ती काढा, बाकीच्यांना छिन्नीने टाके मारून खरखरीत करा. जाडी अर्ध्या इंचाने वाढते आणि नळ भिंतीत रुततो, त्याला लांबी वाढवणारा जोड, म्हणजे एक्स्टेन्शन निपल लागतं. अंदाजपत्रकात हे निपल कधीच नसतं. ग्रॅनाइटला सिंकचा काप देताना पुढची पट्टी 3 इंचांपेक्षा कमी ठेवू नका, टेम्पोतच मोडते. तेव्हा ‘आमच्याकडून नीट गेला होता’ असं दुकानदार म्हणतो आणि ‘असाच मिळाला’ असं टेम्पोवाला.

आणि वीज. या इमारतींच्या स्वयंपाकघरात ॲल्युमिनियमची वायर, अर्थिंगचा पत्ता नाही आणि फ्रिजमागे 5 अँपियरचा एकच पॉइंट. ओव्हन आणि गीझरला 16 अँपियरचे वेगळे पॉइंट हवेत, 4 स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर आणि प्रत्येकाला आपापला एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. मिक्सरचा पॉइंट ओट्यावर, सिंकपासून लांब. हे सगळं मी कागदावर काढून ठेवलं होतं. इलेक्ट्रिशियन आला, कागद बाजूला ठेवला आणि पॉइंट कुठे-कुठे वाढवायचे ते नवऱ्याला विचारलं.

नवरा म्हणाला, ‘टीव्हीमागे एक द्या.’