‘मोबाईल हाय की, कृषी सहायक कशाला?’ या मेसेजला उत्तर

करवीर तालुक्यातल्या आमच्या गटांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: सगळी शेती व्हिडिओत शिकता येते, औषधाचा दुकानदार फुकट सल्ला देतो, कृषी सहायक बांधावर फिरकत नाहीत. तेव्हा कृषी आणि पशुसंवर्धन खात्यांची गावातली माणसं बंद करा, त्यांचा पगार थेट शेतकऱ्याच्या खात्यावर टाका. माझा तीस गुंठे ऊस, एक गाय, एक म्हैस. मला हे अजिबात पटत नाही.

‘दुकानदार सांगतोच की.’ आमच्या खोडव्याचे, म्हणजे तोडणीनंतर बुडातून पुन्हा फुटलेल्या उसाचे, शेंडे एका ऑगस्टात पिवळे पडले. दुकानात सांगितलं, अन्न कमी पडतंय. युरिया टाकला, टॉनिकची बाटली मारली, ऊस वाळतच गेला. कृषी सहायक आले तेव्हा त्यांनी आधी खुरपं मागितलं. बेटाच्या बुडाशी फूटभर उकरलं, तर अर्धगोल वळलेल्या पाच पांढऱ्या अळ्या, डोकी तांबूस. ऊस हातानं ओढला तसा अलगद वर आला, मुळं शिल्लकच नव्हती. हुमणी. दुकानदार वाईट नाही, पण त्याचं पोट बाटलीवर आहे आणि तो रानात उकरायला येत नाही.

‘सगळं व्हिडिओत आहे.’ हुमणीवरचे व्हिडिओ चांगले आहेत, मी बघितलेत. पण हा किडा एकट्यादुकट्याला ऐकत नाही. वळवाचा चांगला पाऊस झाला की तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुलिंब-बाभळीवर पाला खायला बसतात आणि मग माद्या पुन्हा मातीत अंडी घालतात. एकेक मादी पन्नास-साठ. वर्षात पिढी एकच, म्हणून त्या थोड्या संध्याकाळी हातच्या घालवायच्या नसतात: फांद्या हलवायच्या, भुंगेरे गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. मी माझी बाभळ झाडली आणि शेजाऱ्यानं नाही, तर माझं रान वाचत नाही. सगळं शिवार एकाच आठवड्यात उठवायचं, तेही बांधावरून कोर्टात गेलेल्या भावकीसकट, तर ओळखीचा पण तिऱ्हाईत माणूसच लागतो.

राधानगरी-गगनबावड्याकडच्या चारसूत्री भाताचंही, म्हणजे चार ठरलेल्या नियमांनी घेतलेल्या भाताचंही, तेच. रोपांच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची, हे वाचून समजतं. हात किती खोल गेला ते चिखलात कुणी शेजारी उभं राहून दाखवलं की बसतं.

आणि मोबाईल कुणाकडं? आमचा गोठा आई बघते. घरातला स्मार्टफोन धाकट्या भावाच्या खिशात, तो शिरोली एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला.

‘बांधावर येतच नाहीत.’ यात तथ्य आहे. एकेकाकडं अनेक गावं, वर पंचनामे, अनुदानाचे अर्ज, ऑनलाइन नोंदी. पण मास्तर जनगणनेला गेले म्हणून शाळा बंद करा असं आपण म्हणत नाही. रिकाम्या जागा भरा, कागद कमी करा, हे मागूया.

‘पैसे खात्यावर टाका.’ टाकले, तरी लाळ्या-खुरकुताची लस टोचायला माणूस गोठ्यात यावाच लागतो. गोकुळ 1963 सालापासूनचा दूध संघ. धंदा दुधाचा, पण त्यांनाही जनावरांचे डॉक्टर आणि रेतनाची माणसं गावोगाव पाठवावी लागतात. साथीत तर एकाच्या लशीनं भागतच नाही. 2022 ला लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी येणारा रोग, आला तेव्हा त्यावर शेळ्यांच्या देवीचीच लस गोठ्यागोठ्यात जाऊन टोचली गेली. आमच्या गायीचं दावं आईनं आखडून धरलं होतं. टोचून झाल्यावर लस टोचणाऱ्या पोरानं विचारलं, “मावशी, पलीकडच्यांची झाली का?” नव्हती झाली. आई तशीच त्याला घेऊन पलीकडच्या गोठ्यात गेली.