मान वर न करता पुलाची तपासणी

आपली बदली सोलापुरातून घाटातल्या एखाद्या उपविभागात झाली असेल आणि पावसाळ्याच्या तोंडावर ‘अस्तित्वातील पुलांना दरडींपासून असलेल्या धोक्याचे मूल्यमापन करणेबाबत’ असा विषय असलेले पत्र टेबलावर येऊन पडले असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. या कामासाठी सोलापूरच्या माणसाइतकी पूर्वतयारी दुसऱ्या कोणाची क्वचितच झालेली असते. सीना आणि भीमेवरचे पूल पाहत आपण मोठे झालो. तेथे पुलाला जे काही व्हायचे ते खालून, पाण्याने व्हायचे. पुलावर उभे राहून मान वर केली तर उन्हाखेरीज काही पदरात पडत नसे. ही सवय घाटातही निष्ठेने सांभाळावी.

सर्वप्रथम पुलाची हद्द निश्चित करावी. पूल एका अबटमेंटपाशी, म्हणजे टोकाच्या आधारभिंतीपाशी, सुरू होतो आणि दुसऱ्यापाशी संपतो, हे एकदा मनाशी पक्के केले की निम्मे काम झाले. त्यापलीकडचा उतार वन विभागाचा असेल, महसूलचा असेल किंवा कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असेल. तो आपला नाही. रस्ता रुंद करताना त्याच उताराचा पायथा आपल्याच खात्याने उभा कापला असेल, तरी ते काम वेगळ्या शीर्षाखाली झालेले असते आणि त्याची फाइलही वेगळी असते.

प्रत्यक्ष पाहणी शक्यतो मे महिन्यातच उरकावी. यामागे शास्त्र आहे. तीस मीटर लांबीच्या काँक्रीटच्या गाळ्याचे (दोन आधारांमधल्या भागाचे) तापमान तीस अंशांनी वाढले तर तो सुमारे 11 मिलिमीटर लांबतो, त्यामुळे मेच्या दुपारी एक्स्पान्शन जॉइंट (लांबण्यासाठी ठेवलेली फट) मिटत आलेला दिसला तर ‘उष्णतेमुळे’ हा एक शब्द पुरेसा होतो, आणि उष्णतेच्या बाबतीत सोलापूरकराच्या शब्दाला कोणी आव्हान देत नाही. डिसेंबरच्या पहाटे मात्र त्या पुलाकडे चुकूनही फिरकू नये. कडाक्याच्या थंडीतही जॉइंट मिटलेलाच असेल, त्या टोकाचे बेअरिंग, म्हणजे गाळा ज्यावर टेकतो तो टेकू, एका बाजूला कलले असेल आणि कठड्याची सरळ रेघ मध्येच किंचित वाकलेली असेल, तर अबटमेंटमागचा उतार वर्षाला काही मिलिमीटर या संथ गतीने पुलाला ढकलत आहे की काय, अशी शंका घ्यावी लागते. मग उतारात नळी बसवून इन्क्लिनोमीटरने खोलवरची हालचाल मोजणे आले, पिझोमीटरने मातीतल्या पाण्याचा दाब पाहणे आले, आणि तेही एकदा मोजून भागत नाही, पावसाळ्यामागून पावसाळे मोजत राहावे लागते. आपल्याकडच्या काळ्या मातीवरच्या घरात पावसाळ्यात अडकणारे दार उन्हाळ्यात सुटले नाही तर आपण गवंड्याला बोलावतो. पण ते घर स्वतःचे असते.

अबटमेंटच्या भेगेवर पूर्वीच्या कोणी, भेग हलली की तडकावी म्हणून, काचेची पट्टी चिकटवून शेजारी ऑइलपेंटने तारीख घातलेली असेल. ती काच मधोमध तडकलेली आढळल्यास विचलित होऊ नये. जुनी काच खरवडून काढावी, नवी बसवावी आणि आजची तारीख घालावी. भेग आजपासून स्थिर आहे.

पायाविषयी विचारणा झाली तर जमिनीत भोक पाडून घेतलेल्या तपासणीचा जुना बोअर अहवाल जोडावा. त्यात आठ मीटरवर खडक लागल्याची नोंद असते. पूर्वी कधी तरी घसरून आलेल्या दरडीच्या मलब्यात खोलीएवढे धोंडेही असतात आणि बोअरच्या यंत्राला धोंडा व मूळ खडक सारखेच टणक लागतात, म्हणून आणखी काही मीटर खाली जाऊन खात्री करायची असते, हे खरे आहे. परंतु आणखी काही मीटरांचे देयक कोणी मंजूर केलेले नव्हते.

इटलीतले लोक या बाबतीत फार चिकित्सक निघाले. 2018 मध्ये जेनोवा येथील पूल कोसळून 43 माणसे गेली. पुढच्याच वर्षी 24 नोव्हेंबरला सावोना शहराजवळ मुसळधार पावसानंतर उतारावरून आलेल्या दरडीने महामार्गाच्या उंच पुलाचा सुमारे तीस मीटरांचा भाग वाहून नेला. त्यानंतर 2020 मध्ये त्यांनी जुन्या पुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत बांधकाम, भूकंप आणि पूर यांच्याबरोबर दरडीचा धोका स्वतंत्रपणे तपासायला सांगितले. दरड किती मोठी, किती वेगाने येणारी, सध्या हलती की निद्रिस्त, पुलाचा गाळा केवढा, वाहने किती, पर्यायी मार्ग आहे का, असे सगळे विचारून शेवटी पुलाला पाचपैकी एक वर्ग द्यायचा: कमी, मध्यम-कमी, मध्यम, मध्यम-उच्च आणि उच्च. पाचांतल्या तिघांच्या नावात ‘मध्यम’ आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. आपण काय करावे, हे वेगळे सांगायला नको.

पर्यायी मार्गाच्या रकान्यात ‘उपलब्ध’ असे लिहावे आणि शेजारच्या घाटाचे नाव द्यावे. तो घाट त्याच डोंगररांगेत त्याच पावसाने भिजत असतो, हा तपशील रकान्यात मावत नाही. 22 जुलै 2021 च्या सुमारास महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात सरासरीने अख्ख्या वर्षात पडतो त्याच्या आसपास. त्याच दिवसांत रत्नागिरीहून सोलापूरकडे येणाऱ्या महामार्गावरचा आंबा घाटही दरडींनी बंद पडला. हा रस्ता आपल्याच गावाकडे येतो, याचे मला तेव्हा जरा वाईट वाटले होते. त्याच आठवड्यात, 25 जुलैला, तिकडे हिमाचलात किन्नौरमधील बत्सेरीजवळ डोंगरावरून घरंगळत आलेल्या धोंड्यांनी बास्पा नदीवरचा पूल मोडला आणि नऊ पर्यटक दगावले. त्या पुलाच्या गर्डरची तपासणी कितीही बारकाईने केली असती, तरी ते धोंडे तिच्यात सापडले नसते.

रस्त्याची देखभाल करणाऱ्या मैलकामगारापासून मात्र सावध राहावे. मी नवखा असताना असाच एक वयस्क मैलकामगार माझ्याबरोबर पुलावर आला होता. मी बेअरिंगच्या नोंदी घेत होतो, आणि हा गृहस्थ पाठमोरा उभा राहून वर झाडीकडे बघत होता. “साहेब, वरचा झरा परवापासून गढूळ येतोय, आणि ती तीन झाडं गेल्या साली सरळ होती,” असे तो म्हणाला. मी वही उघडली, पण नमुन्यात झऱ्याला रकाना नव्हता आणि झाडांनाही नव्हता. शेवटी ‘इतर’ या सदरात ‘झऱ्याचे पाणी गढूळ, पाणीपुरवठा विभागास कळवावे’ अशी नोंद केली आणि दरडीच्या रकान्यात ‘निरंक’ लिहून सही केली.

आता अहवालासोबत छायाचित्र जोडायचे असते. पूल पूर्ण यावा म्हणून मागे सरकावे तर चौकटीत डोंगर येतो, त्यावरची ताजी लाल माती उघडी दिसते आणि वरिष्ठ विनाकारण प्रश्न विचारतात. अशा वेळी कॅमेरा थोडा खाली घ्यावा.