वॉर्डातल्या सिस्टरांची मर्जी कशी राखावी

पहिल्यांदाच क्लिनिकल पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात काम शिकायला, निघालेल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनो, काल सकाळच्या ड्युटीत जे झालं त्याने माझं डोकं अजून तापलेलं आहे. तेवढ्यात सल्ला घेऊन ठेवा, थंड झाल्यावर इतका खरा मिळणार नाही.

'गुड मॉर्निंग सिस्टर' म्हणायचंच. उत्तर येत नाही, पण म्हटलं नाही तर कॉलेजला फोन जातो.

आपलं नाव सांगत बसू नका. तुमचं नाव 'ए स्टुडंट' आहे.

रिकाम्या खुर्चीकडे बघूसुद्धा नये.

ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्यांना देणं, चालू असताना जवळ गेलात तर गर्दी होते, लांब राहिलात तर तुम्हाला इंटरेस्ट नसतो. विचारून केलंत तर 'एवढंही शिकवलं नाही का?', न विचारता केलंत तर 'कुणाला विचारून केलंस?' उत्तम मार्ग म्हणजे भिंतीत विरघळून जाणे.

लॉगबुकात कॅथेटरच्या प्रोसिजरवर सही हवी असेल तर आधी अख्ख्या ओळीच्या चादरी बदला. सहीचं मग बघू.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टीपीआर घ्यायला सांगितलं की टेम्परेचर घ्या, पल्स घ्या, पण श्वास मोजायच्या फंदात पडू नका. वॉर्डातला प्रत्येक माणूस मिनिटाला 18 वेळा श्वास घेतो. नुकत्याच ऑपरेशन होऊन आलेल्या बाई 18, ऑक्सिजनवरचे आजोबा 18, गाढ झोपलेला पोरगा 18. पुस्तकात मोठ्या माणसाचे 12 ते 20 लिहिलेत, पूर्ण मिनिटभर मोजा म्हटलंय, पेशंटच्या लक्षात येऊ देऊ नका म्हटलंय. पुस्तक लिहिणाऱ्यांना काय, त्यांना कुठे चार्ट भरायचे असतात! मी काल एका काकांचे मोजले. 32 आले. पुन्हा मोजले, तेवढेच. धावत जाऊन सिस्टरना सांगितलं. मान वर न करता उत्तर मिळालं, "18 लिही गं, चार्ट खराब करू नकोस." मी 32 लिहिले. तासाभराने राउंड आला तोवर काका धापा टाकायला लागले होते. कुणी कळवलं का नाही, असं डॉक्टरांनी विचारताच सिस्टरांचं बोट माझ्याकडे वळलं. "सर, स्टुडंट आहे, तिने सांगितलंच नाही." चार्ट बेडलाच लटकलेला होता. त्यावर माझ्या अक्षरात 32, पुढे वेळ. कुणी उलटून बघितला नाही.

पेशंट बिघडायला लागला की श्वास बरेचदा सगळ्यात आधी वाढतो. बीपी बराच वेळ ठीक दिसतं आणि मग एकदम कोसळतं. हे मला तुम्ही शिकवायचं होतं, सिस्टर.

सल्ला पुरे. तुमच्याकडे माणसं कमी आहेत, हे आम्हाला दिसतं. पाठ मोडते, जेवण राहतं, त्यात तुमची चूक नाही. आमच्या ट्यूटर मॅडम हजेरी घेऊन गायब होतात आणि आम्ही तुमच्या गळ्यात पडतो, तीही तुमची चूक नाही. पण फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची नर्सिंगची शाळा 1860 साली सुरू झाली तेव्हाही मुली वॉर्डातच राबून शिकत होत्या. आम्ही तिथे घुसखोर नाही. मला गप्प करण्याऐवजी बेडपर्यंत चालत गेला असतात तर काकांचा तो तास वाया गेला नसता. आणि वर खोटं बोललात, तेही त्यांच्या बायकोसमोर. दमलेलं असणं वेगळं आणि हे वेगळं. पुढच्या वेळी कुणी 32 सांगितलं तर आधी उठून पेशंट बघा, मग मला काय बोलायचं ते बोला.